उठण्याआधी

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात पाळी बदलताना पट्टा थांबत नाही. पुढच्या पाळीची बाई शेजारी येऊन उभी राहते, "आले गं" म्हणते, आणि तेव्हाच आधीच्या बाईचे हात पट्ट्यावरून निघतात.

आज वरच्या काचेच्या केबिनमधून मी ते बघत होतो. समोर अर्धवट तक्ता होता. कारखान्यातल्या कामांचा मेळ कोण कोण घालतं ते चौकटींत मांडायचं, म्हणजे कुठली चौकट, कुठली जागा गाळायची ते मालक ठरवणार. नियोजन झालं, साठा झाला, तपासणी, रवानगीही झाली. राहिली माझी चौकट. तिच्यात काय लिहावं ते सुचेना.

खाली मंगलताईंची पाळी संपली होती. पर्स खांद्याला, पण बदलीची बाई आली नव्हती म्हणून हात चालूच. आईच्या आजारपणात आम्ही भावंडं असेच तिच्या उशाशी बसायचो. दुसरा येऊन टेकला की मगच पहिला उठायचा. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं.

मला राहवेना. खाली जाऊन विचारलं, "मंगलताई, कुणाला पाठवू का?"

"नको साहेब, ती येतेय. तुम्ही वर बसा. तुम्ही इथं उभे राहिलात की आमचे हात अडखळतात."

वर आलो. चौकट तशीच रिकामी होती. माझीही वेळ कधीच संपली होती. तरी बसून राहिलो, कुणीतरी दारात येऊन "आलो" म्हणेल म्हणून.