मत नसलेली खुर्ची

मुलांनो, तुमच्या आईनं सांगितलंच असेल की आजी इथे न्यूझीलंडमध्ये निवडणूक जिंकली. खरं आहे. मात्र मी आमदार वगैरे झालेली नाही.

आमच्या बागेतलं स्वच्छतागृह फक्त शनिवारी, मुलांच्या सामन्यांसाठी उघडायचं. एरवी कुलूप. त्यामुळे आम्ही बायका दुपारचा चहा टाळून फिरायला यायचो आणि एक फेरी झाली की घरी पळायचो. माझ्या एका मैत्रिणीनं तर येणंच सोडलं. २०१६ साली आमच्या भागाच्या स्थानिक मंडळानं ज्येष्ठांसाठी एक जागा ठेवली. निवडून येणाऱ्यानं बैठकीत बोलायचं, पण ठरावावर मत द्यायचं नाही. मी अर्ज भरला.

"हात वर करता येत नाही, तर जायचं कशाला? घरी माझ्याशी बोल की," तुमचे आजोबा म्हणाले.

"तुम्ही ऐकता का?" मी विचारलं.

समोर एकच उमेदवार होते, सामोआहून आलेले निवृत्त बसचालक. पुण्यात सोसायटीची चिटणीस असताना मी दुसऱ्या उमेदवाराला समजावून अर्ज मागे घ्यायला लावत असे. बिनविरोध झालं की कोणाचं मन दुखावत नाही. त्याच सवयीनं मी चकल्यांचा डबा घेऊन या बसचालकांच्या घरी गेले.

"अर्ज मागे घेऊ? मी आजारी आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मग चकली मोडत म्हणाले, "समोर कोणी नसलं तर माझ्या चर्चची माणसं घरातून निघणारसुद्धा नाहीत. उभ्या राहा तुम्ही. डबा मात्र ठेवून जा."

मला ओशाळल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

मतदानाच्या दिवशी त्यांनी चर्चच्या व्हॅनमधून आपली माणसं हॉलवर आणली. आमच्या पापाटोएटो उपनगरातल्या दुकानांपाशी आमच्या बायका बसची वाट बघत उभ्या दिसल्या, तेव्हा परत जाऊन त्यांनाही घेऊन आले.

उतरताना एकीनं विचारलं, "आता तुम्हालाच मत द्यायचं का?"

"गाडीत बसवलं म्हणून? छे. कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले.

मी नऊ मतांनी निवडून आले. त्यांनी आपल्या गळ्यातली शिंपल्यांची माळ काढून माझ्या गळ्यात घातली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला.

पहिल्याच बैठकीत मी कुलपाचा विषय काढला. एका सदस्यानं विचारलं, "पण एरवी तिथे येतात किती जण?"

"कुलूप काढा, मग मोजा," मी म्हणाले.

अध्यक्षही हसले. ठराव मांडला गेला आणि टेबलाभोवतीचे सगळे हात वर गेले. मी माझे मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

सोमवारी कुलूप निघालं. ती मैत्रीणही आली. आम्ही बागेला तीन फेऱ्या मारल्या, आणि कोणालाच घरी जायची घाई नव्हती.