शेठचं मेंदूदान

आमच्या खाडीकाठच्या मिठागरांचा मालक मुंबईच्या डॉक्टरी कॉलेजाला मोठी देणगी देऊन आला. तिथं म्हणे माणसाच्या मेंदूचा अभ्यास होणार होता. गावात पोचेपर्यंत त्या बातमीचं भलतंच झालं. विहिरीवर शेजारीण म्हणाली, "शेठनं मेंदू दान केला म्हनं."

"अगो बाय! मग आता धंदा कशानं करनार?" दुसरीनं विचारलं.

"आतापातूर तरी कशानं करीत होता?"

मी चारचौघींत तोंड न उघडणारी, पण त्या दिवशी घागर खाली ठेवून हसले.

घरी आल्यावर हसू गेलं. माझ्या धाकट्या नणंदेला फेफरं येई. एकदा ती चुलीपाशी पडली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. ठरलेलं लग्न मोडलं. अंगारे झाले, गंडे झाले. शेठच्या सत्काराला कॉलेजातला मोठा डॉक्टर रेवदंड्याला आगबोटीनं येणार असं कळलं, तेव्हापासून मी एकच वाक्य घोकत होते : डॉक्टरसाहेब, हिला एकदा बघा.

सत्कार शेठच्याच घरी आणि शेठच्याच खर्चानं. आपल्या गळ्यात पडायचा हार माणूस आपणच मागवतो, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. ओटीवर गाद्या घातल्या होत्या म्हणून डॉक्टरनं बूट पायरीवर काढले. आम्ही बायका अंगणात. नणंदेला घेऊन मी मुद्दाम पायरीला लागून बसले. शेठ भाषणात 'मज्जातंतू' शब्दाला दोनदा अडखळला आणि मग त्यानं तो सोडूनच दिला. डॉक्टर म्हणाला, शेठजींच्या औदार्यामुळे फेफऱ्यासारख्या रोगांचं मूळ सापडेल, हे काही भुताखेतांचं काम नव्हे. ते ऐकून मी उठले. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात नणंदेचे डोळे फिरले आणि ती माझ्या पायाशी कोसळली.

मेंदूचा तो दाता वरून ओरडला, "बघताय काय? वहाण हुंगवा तिला!"

अंगणात सगळी अनवाणी. शेठच्या गड्यानं पायरीवरचा डॉक्टरचाच बूट उचलला आणि तिच्या नाकाला लावला.

"अरे, अरे, तो नको!" म्हणत डॉक्टर धावत खाली आला. मला वाटलं, आता हिची नाडी धरील. त्यानं गड्याच्या हातातून बूट घेतला, त्याला लागलेली तिची लाळ रुमालानं पुसली आणि शेठला म्हणाला, "पाहिलंत? अशांसाठीच आपलं हे कार्य."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती अजून तडफडतच होती.

"मागच्या दारी न्या तिला," शेठ म्हणाला. "चांगल्या कार्यात कुठून आणली?"

गोठ्याजवळ ती शुद्धीवर आली. जीभ चावली गेली होती.

"वयनी, डाक्टरनं मना बघितलं?"

"बघितलं."

"काय म्हनला?"

आत पेढे वाटत होते. मी म्हटलं, "म्हनला, बुटाला काय झालं न्हाय."

ती आधी हसली, मग माझ्या पदरात तोंड घालून रडली. पेढे न घेताच आम्ही बांधाबांधानं घरी आलो. त्यानंतर चुलीपाशी मी तिला कधी एकटीला बसू दिलं नाही. तेवढाच काय तो तिच्यावर झालेला इलाज.