शरणबसप्पा मास्तरांची येळवस

पडदा नाही, गॅसबत्ती नाही, तोंडाला रंग नाही, आणि तरी एक माणूस डोळ्यांदेखत दुसराच कुणी होतो, हा चमत्कार मी पहिल्यांदा पाहिला तो ज्वारीच्या शेतात, भर दुपारी. पुढं मी जन्मभर नाटक कंपन्यांतून फिरलो. राजा झालो, दरोडेखोर झालो, उतारवयात प्रधान झालो. मोठमोठे नट विंगेतून पाहिले. पण खरा नट कोण पाहिलात असं कुणी विचारलं, की माझ्या तोंडी आजही नाव येतं ते शरणबसप्पा मास्तरांचं. रंगमंचाची पायरी ते कधी चढले नव्हते.

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, लहानसं. काळ निजामाचा, चाळीस सालानंतरचा. सरकारी शाळा लांब, तालुक्याला, आणि तिथं सगळं उर्दूत. मास्तर आळंदच्या बाजूचे, व्यापाऱ्याचे चिरंजीव. दुकानात मन रमेना म्हणून घर सोडून आमच्या गावी आले आणि मठाच्या ओसरीवर त्यांनी मराठी शाळा घातली. बायको इरम्माबाई लहानांकडून बाराखडी गिरवून घेई. नवराबायको आपसांत कानडी बोलत, आमच्याशी मराठी आणि सरकारी माणसाशी उर्दू. सुगीला ज्याला जमेल तो ज्वारी आणून टाकी, त्यावर दोघांचं चाले.

मास्तर उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल. रस्त्यानं चालले तर कुणी वळून पाहणार नाही. पण ओसरीवर धडा सुरू झाला की त्यांचं काय होई देव जाणे. उंटाचा धडा असला की त्यांची मान लांब होई, ओठ लोंबायला लागे, आणि आम्ही पोरं अंग चोरून मागं सरकायचो, उंट चावतो की काय म्हणून.

त्यांची एकच अडचण होती. आईबाप शाळेकडं फिरकत नसत. पोर एकदा ओसरीवर आणून सोडलं की संपलं. ओसरी म्हणजे त्यांना चावडीच वाटे. पोरगं घरी कसं वागतं, काय खातं, कशाला भितं, हे कळल्याशिवाय त्याला शिकवायचं कसं, असं मास्तर म्हणत. बरं, सगळ्यांना एके ठिकाणी बोलवावं, तर त्या दिवसांत सरकारच्या परवानगीशिवाय सभा भरवणं गुन्हा. शाळेची परवानगीच मुळी मिनतवारीनं मिळालेली, ती या अटीवर की अक्षरं आणि हिशेब शिकवा, सभाबिभा नको. सभा भरली असं एकदा वर कळलं, की ओसरीला कुलूप आणि मास्तर तुरुंगात. हे आम्हां पोरांनासुद्धा ठाऊक होतं.

मास्तरांनी यातून येळवस शोधून काढली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, पूजा करायची, आणि मग आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. त्या दिवशी बांधाच्या आत ज्याचं पाऊल पडेल तो पाहुणा. ओळखीचा असो, अनोळखी असो, वैरी का असेना, जेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. या गर्दीला सभा कोण म्हणणार?

बब्रुवान पाटलांचं शेत मोठं, चिंचेची सावली दाट. दर येळवशीला शाळेतल्या सगळ्या पोरांचे आईबाप तिथं जमत. मास्तर म्हणत, "तुमचं पोर माझ्याकडं काय करतं ते मी दाखवतो. माझा विद्यार्थी तुमच्याकडं काय करतो ते तुम्ही दाखवा." मग हसून हसून लोकांची जेवणं राहून जात.

त्या वर्षी सुरुवात माझ्या आईनं केली. आई म्हणजे कस्तुराबाई, चार माणसांत कधी तोंड न उघडणारी.

"मास्तर, आमच्या बलभीमानं घरात शाळा मांडलीया. कोंबड्या डालग्याखाली कोंडतो आन् हजेरी घेतो. कोंबडी हाजीर म्हणंना, की डालग्यावर छडी! अंडी द्यायची बंद झाल्या की वो कोंबड्या!"

"शिस्त लागली म्हणायची," मास्तर म्हणाले.

"आन् पहाटं म्या दळाय बसले की हा अंथरुणातनं पाढं म्हणतो. ऐकून ऐकून मलाबी साताचा यायला लागलाय."

"म्हणा की मग," इरम्माबाई म्हणाल्या.

आई लाजली. पण बायकांनी ढोसलं. तिनं डोळे मिटले, मोकळा हात जातं फिरवावं तसा फिरवला आणि ओवीच्या चालीवर सुरू झाली. सात एके सात, सात दुणे चौदा करत ती "सात पंचे सदतीस" वर आली. मास्तरांची एक भुवई वर गेली.

"कस्तुराबाई, सात पंचे किती म्हणालात?"

"सदतीस."

"सदतीसच की!" मागून बायका एका सुरात ओरडल्या. "आमच्या जात्यावरबी सदतीसच हाय!"

मास्तर डोक्याला हात लावून खाली बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बलभीमा, ही चूक पाटीवर असती तर मी बोटानं पुसली असती रे. आता सगळ्या गल्लीच्या जात्यावर बसावं लागणार मला."

"बसा की मास्तर," बब्रुवान पाटील म्हणाले, "पीठ तरी मिळंल!"

पाटील हसले, म्हणून मास्तरांनी त्यांच्याच घरातला किस्सा काढला. पाटलांच्या धाकट्याला बापानं बजावलं होतं, वासरावरची नजर हलवायची न्हाय. आईनं बजावलं होतं, शाळा चुकवायची नाही. पोरानं दोघांचं ऐकलं. वासरू शाळेत आणून बांधलं. त्या वासराला पाट्यांची चव लागली. आम्ही गणित सोडवायचो, ते येऊन चाटून जायचं. मास्तर उत्तर तपासायला आले की पाटी लख्ख.

"काय झालं रे उत्तराचं?" मास्तरांनी आधी आपला आवाज काढला, मग धाकट्याचा, रडवेला: "वासरानं खाल्लं, मास्तर!"

आणि मग त्यांनी खांद्यावर घोंगडं ओढलं, पुढ्यात पाटी ठेवली आणि गुडघ्यांवर वाकले.

आता हे कसं सांगू? आधी त्यांची नजर बदलली. मग नाकपुड्या. पाठीची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली. माणसाला कान हलवता येत नाही म्हणतात, त्यांचा हलला. मान पुढं काढून त्यांनी पाटी हुंगली, एकदा चाटली, आणि अशा निरागसपणे वर पाहिलं, की चिंचेला बांधलेल्या पाटलांच्या गाईनं मान उचलली आणि ती हंबरली.

हसू थांबलं. माझ्या अंगावर आलेला तो काटा अजून गेलेला नाही.

त्याच शांततेत घोड्याच्या टापा ऐकू आल्या. बांधावर गौसोद्दीनसाहेब आले होते, तालुक्याचे अमीन, म्हणजे पोलीस अंमलदार. बरोबर एक जवान.

"हं," अमीनसाहेब घोड्यावरून म्हणाले. "खबर सही निकली. जलसा चालू आहे." जलसा म्हणजे त्यांच्या उर्दूत सभा.

बायांनी पोरं पदराखाली ओढली. इरम्माबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मास्तर अजून गुडघ्यांवरच होते. उभे राहिले असते तर ते सभा भरवणारे मास्तर होते. गुडघ्यांवर होते तोवर ते वासरू होते.

ते उठले नाहीत. त्यांनी हळूच मान वळवून घोड्याकडं पाहिलं. लांबूनच हुंगलं, बिचकले आणि दुडक्या चालीनं जाऊन गाईच्या आड लपले. गाईनं त्यांना चाटायला जीभ काढली. जवान फिसकन हसला. अमीनसाहेबांच्या मिशा हलल्या.

तेव्हा कुठं मास्तरांनी घोंगडं टाकलं, गुडघे झटकले आणि हात जोडले. "या साहेब. आज येळवस. आधी आंबील, मग चौकशी."

"बांधात पाय पडला तुमचा," पाटील म्हणाले. "आता जेवल्याबिगर सुटका न्हाय. तुमचीबी न्हाय, आमचीबी न्हाय."

अमीनसाहेब उतरले. जमिनीवर मांडी घालून बसताना कमरेचा रुंद सरकारी पट्टा रुतायला लागला, तो त्यांनी सोडून गवतावर ठेवला. इरम्माबाईंनी वाटीत आंबील ओतली. एक वाटी गेली, दुसरी गेली. पण नजर माणसांवरून फिरतच होती. "हद्दीपलीकडून, सोलापुराकडून माणसं येतात, सरकारविरुद्ध तकरीरी, भाषणं करतात, असं ऐकतो. आज काय बोलणं चाललं होतं?"

"पोरांच्या खोड्या, साहेब," मास्तर भज्जी वाढत म्हणाले. "तुम्हाला नाही कळायच्या. तुम्ही लहानपणी मोठे शांत, हुशार असाल."

"मैं?" अमीनसाहेबांचा उंडा हातातच राहिला. "अरे मास्तर, मेरे कू मदरशात न्यायला दोन माणसं लागत!"

आणि ते सांगायला लागले. बसून सांगणं जमेना म्हणून उठले. पाटलांना हाताला धरून वडील केलं, जवानाला मौलवीसाहेब केलं. वडील खांद्यावरून आणायचे, मदरशाच्या दारात पोर वडिलांच्या गळ्याला मिठी मारायचं, मौलवीसाहेब पाय धरून आत ओढायचे. जवान बिचारा अंमलदाराचा पाय धरायला धजेना. "खींच बे!" साहेब ओरडले. "एकदा मौलवीसाहेबांनी असा ओढला, असा ओढला, की पायजमा त्यांच्या हातात राहिला आणि मी वडिलांच्या आधी घरी पोचलो!"

लोक गवतावर लोळले. त्या भरात पाटलांची जीभ सुटली. "तवापासनंच का सायेब, सरकार तुमास्नी पट्टा एवढा आवळून घालाय लावतंय?"

अमीनसाहेबांनी पाटलांकडं पाहिलं. गवतात पडलेल्या पट्ट्याकडं पाहिलं. आणि मग ते असे हसले, असे हसले, की चिंचेच्या बुंध्याला हात टेकावा लागला.

निघताना त्यांनी पट्टा उचलला. पोट भरलेलं, म्हणून एक भोक सैल करून बांधला. बांधता बांधता थबकले. मास्तरांकडं वळले.

"मास्तर, आता मी वर काय कळवू? सभा झाली म्हणालो, तर सगळ्यांत लांब तकरीर माझीच."

मास्तरांनी मान खाली घातली. "सभेला परवानगी लागते साहेब. आंबिलीला लागत नाही."

"बराबर," साहेब म्हणाले. घोड्यावर बसले, पाटलांच्या गाईला कपाळाला हात लावून सलाम केला आणि गेले.

मास्तरांनी हे सगळं ठरवून केलं की सुचत गेलं तसं केलं, हे मी त्यांना पुढं मोठेपणी विचारलं होतं. त्यांनी नुसता कान हलवून दाखवला. पण घोडा दिसेनासा झाला तेव्हा मी त्यांच्या जवळच होतो. ते खाली बसले, आंबिलीची वाटी उचलली, आणि ती तोंडापर्यंत पोचेतो निम्मी आंबील धोतरावर सांडली. इरम्माबाईंनी कानडीत काहीतरी हळूच म्हटलं आणि वाटी त्यांच्या हातासकट धरली. म्हणजे तो सगळा वेळ हा माणूस इतका घाबरलेला होता! आणि गाईला ते कळलं नाही, घोड्याला कळलं नाही, आम्हांला कुणालाच कळलं नाही.

वाटी संपवून ते उठले आणि माझ्या आईसमोर जाऊन उभे राहिले. "कस्तुराबाई, शाळा वाचली आपली. तेवढं सात पंचे..."

"सांगा की," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागा झालो तो जात्याच्या घरघरीनं. आई दळत होती. पाचापाशी येऊन ती थांबली. जातंही थांबलं. मग भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं म्हटलं, "सात पंचे पस्तीस," आणि पलीकडून उत्तर आलं, "पस्तीस, पस्तीस!" मी पाटी काखेत मारून ओसरीकडं पळालो. मास्तर रुमाल बांधून दारात उभे होते, आणि खांबाला वासरू बांधलेलं होतं.