आमच्या घराचं मत

"काकांच्या बाजूने ज्या घरांचं मत आहे, त्यांनी हात वर करा," असं निवडणूक घेणारे डॉक्टर म्हणाले आणि माझा हात मांडीवरच राहिला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर मोजत मोजत आमच्या रांगेपाशी आले आणि थांबले. काका म्हणजे माझे यजमान. मी त्यांना 'हे' म्हणते, इथेही तसंच लिहिणार. हे समोर टेबलामागे बसले होते, करड्या सफारीत, खिशाला पेन लावून. आमच्या रियाधच्या मराठी मंडळात एका घराला एक मत असायचं. अध्यक्षपदाला जो उभा असेल त्याने स्वतः हात वर करायचा नाही, ते बरं दिसत नाही. त्याच्या घराचा हात त्याच्या बायकोने वर करायचा. इतकी वर्षं तो हात मी वर केला होता, आणि तोही मागे बसून मटार सोलता सोलता, कारण ह्यांच्या समोर कधी कोणी उभंच राहत नसे.

"काकू, हात," शेजारची कुजबुजली.

"माहीत आहे मला."

डॉक्टरांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. आता सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. हेही बघत होते. रागाने नाही. बाजारात आईचा हात सुटल्यावर पोर बघतं तसं. तेवढ्या वेळात मला उठून निघून जावंसं वाटलं, पण तो हॉल रियाधच्या बाहेर, भाड्याने घेतलेल्या इस्तिराह्यात, म्हणजे तिथल्या सहलीच्या बंगल्यात होता. चारी बाजूंना भिंत, भिंतीपलीकडे वाळू. जाणार कुठे?

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. "आता दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूने."

मी हात वर केला.

"काकू, काकांचं आधी झालं. आता त्याचं चाललंय."

"मी चौथी पास आहे," मी म्हटलं. "आधी काय आणि नंतर काय, एवढं कळतं मला."

हे एका हाताने हरले.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे, रियाधला सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची तेव्हाची. हे शहराच्या अल सुलै भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात मॅनेजर होते. आमचा मुलगा शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिथेच राहिला. घरात आम्ही दोघं आणि तिसरं मंडळ. मंडळाला तिथे पाटी लावता यायची नाही, म्हणून मंडळ म्हणजे आमचा दिवाणखाना. गणपती आमच्याकडे पडदे ओढून बसायचा. आरती हळू आवाजात करायची असं ठरलेलं होतं, आणि ह्यांना हळू आवाज कधी जमलाच नाही. मंडळाची मोठी पातेली आमच्या पलंगाखाली, झांजा फ्रिजवर, स्पीकर न्हाणीघराच्या दारामागे. अंघोळीला जायचं तर आधी स्पीकर हलवायचा.

ह्यांनी वाईट काम केलं असं मी म्हणणार नाही. अल खर्जच्या डेअरीवर सांगलीकडचा एक माणूस झोपेतच गेला. त्याला तिथे कोणी नव्हतं. हे रजा टाकून त्याच्या कफीलकडे म्हणजे तिथल्या मालकाकडे, पोलिसांकडे, वकिलातीत, विमानतळावर फिरले आणि त्याला त्याच्या गावाला पोचवलं. परत आले, अंघोळ केली, जेवले आणि कामावर गेले. कोणाला सांगितलंही नाही. तेच हे, पाडव्याला मात्र माइक हातात आला की सोडायचे नाहीत. लांबलचक भाषण, मग दोन नाट्यगीतं. तरुण पोरांनी नाटक बसवलं तर त्यात राजा हेच. नवीन कोणी काही सुचवलं की, "बघू." ते 'बघू' म्हणजे नाही, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर जिना चढताना ह्यांच्या छातीत आवळून यायला लागलं. तपासण्या झाल्या. नळ्या बुजल्यात, बायपास करावी लागेल, उशीर करू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मुलाने पुण्यात हॉस्पिटल ठरवलं. संक्रांत झाली की जायचं. तिकिटं आली, परत येण्याचा व्हिसा पासपोर्टवर लागला. ह्यांनी मला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही. लोक उगाच भेटायला येतात."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

एका शुक्रवारी सकाळी दम्मामहून फोन आला. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष ह्यांच्याच वयाचे, ह्यांच्याइतकेच जुने. ते हरले होते. इंडियन स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका तरुण बाईने त्यांना हरवलं. ती उभी आहे याची तिच्या स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा गंमत वाटत होती म्हणे. हे फोन ठेवून हसले. मग पोहे तसेच ठेवून उठले. पोहे टाकणारा हा माणूस नव्हे.

आठवड्याभरात नाशिकवाला आला. हा बँकेत कॉम्प्युटरचं काम बघायचा. पहिल्यांदा रियाधला आला तेव्हा बायकोचा व्हिसा येईपर्यंत रोज आमच्याकडेच जेवायचा. त्याला भाकरी कशी लागते, वरण किती पातळ लागतं, मला सगळं माहीत. आल्या आल्या वाकून नमस्कार केला.

"काकू, मी उभा राहतोय."

"कुठे?"

"मंडळात. काकांच्या समोर."

"आधी बस आणि चहा घे."

हे आतून आले. "काय रे, दम्मामचं वारं लागलं वाटतं?"

"लागलं, काका."

"ती मास्तरीण आहे. वर्गात पोरं ऐकतात म्हणून तिला वाटतं सगळे ऐकतील."

"आम्ही तुमचंही इतकी वर्षं ऐकलंच की काका. गाणंसुद्धा."

हे खदाखदा हसले. त्याच्या पाठीवर थाप मारली, "राहा उभा. बघू." तो गेला आणि हे खुर्चीत बसून छाती चोळायला लागले. मी गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते सांगतच आले, "तिकीट पुढे ढकललं."

"किती पुढे?"

"निवडणूक होऊ दे. आता गेलो तर लोक म्हणतील घाबरून पळाला."

"आणि निवडून आलात तर?"

"तर पाडवा आहे. मग मुलांच्या परीक्षा, मग स्नेहसंमेलन. ते झालं की निघू."

"मग काय, तेराव्याचं जेवणही मंडळच करेल. पातेली आपल्याच पलंगाखाली आहेत."

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, तू सांग ना त्यांना." सांगून ऐकणारा माणूस असता तर त्याने फोन मला कशाला केला असता?

मी पुष्कळ विचार केला. शिक्षण कमी असलं की विचार कमी असतो असं नाही. आजाराचं बाहेर सांगावं तर मी शब्द दिला होता. समजा शब्द मोडला, तर काय होणार तेही मला दिसत होतं. नाशिकवाला त्याच दिवशी माघार घेणार. बायका डबे घेऊन येणार. ह्यांना बिनविरोध अध्यक्ष करणार, वर शाल देणार, आणि हे शाल पांघरून पाडव्याला गाणार. आणि नाशिकवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणीही एका खुर्चीवर इतकी वर्षं बसू नये, खुर्चीलाही ते चांगलं नाही. पण खरं सांगायचं तर मी मंडळाचा विचार करून हात वर केला नाही. मला हा माणूस हवा होता.

निवडणुकीच्या दिवशी ह्यांनी सफारीला इस्त्री मागितली. मी करून दिली. काय करणार हे मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. बायकोचा हात कुठे जाईल, असला प्रश्न ह्यांना कधी पडलाच नव्हता.

निकाल लागल्यावर ह्यांनी नाशिकवाल्याच्या गळ्यात स्वतः हार घातला आणि चार शब्द बोलले. खरंच चारच. ह्यांचं एवढं चांगलं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. मग आम्ही गाडीत बसलो. रिंगरोडला आमचा एक्झिट चुकला. पुढच्या एक्झिटला वळून मागे आलो.

घरी बूट काढताना म्हणाले, "का?"

"तिकीट काढा."

"तू मला शब्द दिला होतास."

"कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं. कोणाला सांगितलं?"

ह्यांनी दुसरा बूट काढला. "एका हाताने पाडलंस मला."

"दोन वर करू देत नाहीत."

मग विचारलं, "जेवायला काय आहे?"

"मुगाची खिचडी. मीठ कमी."

रागाने दोनदा वाढून घेतली. त्यानंतर काही दिवस हे माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलायचे. "कोणीतरी चष्मा आणून द्या." "कोणीतरी गोळ्या कुठे ठेवल्यात सांगा." मीही भिंतीलाच उत्तर द्यायचे. भिंत आमच्या दोघांपेक्षा शहाणी, ती मध्ये पडली नाही.

नाशिकवाला बायकोला घेऊन आला तो चोरासारखा. मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या मागायलाही जीभ रेटेना. मी चहा टाकायला आत गेले तर माझ्या मागे आला.

"काकू, तुमचं काकांशी काही भांडण झालंय का?"

"लग्न झाल्यापासून चालू आहे."

बाहेर ह्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्याला समोर बसवलं. किल्ल्यांचं दोन मिनिटांत झालं. मग माणूस गेला तर आधी कोणाकडे जायचं, कुठल्या कागदाची प्रत जवळ ठेवायची, पोलिसांशी आवाज का चढवायचा नाही, कफील भेटत नसेल तर त्याचा ड्रायव्हर कसा गाठायचा, हे सगळं हे त्याला सांगत बसले. त्याने मध्येच कुठलासा कार्यक्रम कसा करायचा विचारलं तर हे म्हणाले, "गाणी-बिणी तुझं तू बघ रे. हे नीट ऐक." दोन चहा झाले, मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, तरी हे सांगतच होते. शेवटी चौघंही जेवायला बसलो. वरण त्याला लागतं तसं पातळ केलं होतं. ह्यांनी त्याच्या ताटात तूप वाढलं आणि स्वतःच्या ताटाकडे वाटी नेली. मी वाटी काढून घेतली. ह्यांनी भिंतीकडे बघितलं.

जायच्या दिवशी विमानतळावर त्यानेच सोडलं. गावाला लग्न आहे एवढंच ह्यांनी त्याला सांगितलं होतं. मुलाने विमान कंपनीला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दारातच एक माणूस चाकांची खुर्ची घेऊन ह्यांचं नाव विचारत उभा.

"खुर्ची कोणासाठी, काकू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी उभाच राहिलो नसतो!"

"म्हणून तर बोलले नाही."

तो तिथेच रडायला लागला. मोठा झालेला बाप्या, बँकेत नोकरी, गळ्यात टाय. "रडू नकोस," मी म्हटलं, "गाडी चुकीच्या जागी लावली आहेस. तो बघ पोलीस येतोय." तो डोळे पुसत गाडीकडे पळाला. ह्यांनी चाकांच्या खुर्चीत बसायला साफ नकार दिला. मग मी म्हटलं, तुम्ही बसत नसाल तर मी बसते, माझे गुडघे दुखतात. तेव्हा बसले.

विमान सुटलं आणि खाली नुसते दिवे दिसायला लागले तेव्हा हे पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याशी बोलले. "समजा मी जिंकलो असतो तर तू काय केलं असतंस?"

"दम्मामच्या त्या मास्तरणीला बोलावलं असतं."

हे हसले, आणि हसताना छातीवर हात ठेवला. तो हात मी धरला तो घरापर्यंत सोडला नाही. हवाईसुंदरीने ज्यूस आणला तोही डाव्या हाताने घेतला.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मुलगा बाहेर बाकावर होतो. शेजारी कोणाची तरी सून जप करत होती. मला जप येतो, पण त्या दिवशी सुचला नाही. मी नुसती दाराकडे बघत होते. डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढत. म्हणाले, आणखी थांबला असतात तर उपयोग नव्हता. मग मुलाशी इंग्रजीत काही बोलले. मी मुलाचं तोंड बघितलं आणि उठून चहा प्यायला गेले.

त्यानंतर आम्ही रियाधला परत गेलो आणि हे निवृत्त होईपर्यंत तिथे राहिलो. गणपतीत हे मागच्या रांगेत बसून स्पीकर किती वाईट लावलाय ते सांगायचे. नवीन माणूस आला की त्याची माझ्याशी ओळख करून द्यायचे, "ही माझी बायको. हिनेच मला पाडलं." ते सांगताना ह्यांची मान जरा वर असायची. आता आम्ही पुण्यात मुलाजवळ आहोत. हे खाली बाकावर बसून सोसायटीच्या अध्यक्षाच्या चुका काढतात. ह्यांची ऐंशी उलटली, माझीही जवळ आली आहे. दोघंही आहोत.