वरातीच्या घोडीचं दूध
घामानं भिजलेली घोंगडी दोरीवर वाळत पडली, की तिच्या वासानं मला ती सकाळ आठवते. बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं पळणाऱ्या घोड्या वडील तयार करायचे. तेव्हा आमच्याकडं एकच घोडी होती आणि ती त्या दिवशी शिंगराला जन्म देऊन मेली. कांद्याच्या बराखीमागं ते शिंगरू थरथरत उभं होतं, बाटलीला तोंड लावत नव्हतं, आणि वडील मेलेल्या घोडीजवळून उठत नव्हते. या नादाला कायम नावं ठेवणारी आई मात्र तशीच जुन्नरला गेली आणि लग्नाच्या वरातीत घोडी नाचवणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना, त्यांच्या नुकत्याच व्यालेल्या घोडीला आणि तिच्या शिंगराला, अशा सगळ्यांना टेम्पोतून घेऊन आली. परकं पिल्लू बघून त्या घोडीनं लाथ उगारली. चाचांनी आपल्या शिंगराच्या अंगावरची घोंगडी आमच्या शिंगराला चोळली आणि म्हणाले, "वहिनी, आता समद्यांनी गप उभं ऱ्हायचं." घोडीनं बराच वेळ हुंगलं आणि मग पाय सैल सोडला. शिंगरू पिऊ लागलं, तेव्हा आईनं पदर तोंडाशी धरला. ऐन लग्नसराईत चाचा महिनाभर आमच्याकडं राहिले. ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज आमच्या तबेल्यात नऊ घोड्या आहेत, बहुतेक त्याच शिंगराच्या वंशातल्या. कुणी बघायला आलं, की वडील शर्यतींचं काहीच सांगत नाहीत. "ह्यो तबेला वरातीच्या घोडीनं उभा केलाय, पावणं," एवढंच म्हणतात आणि आईकडं बघतात.