तात्पर्याचा फळा

चेनआत्यांना रागवायला कारण लागत नाही, असं गल्लीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या बॅगेची चेन कशी ओढली होती ते सांगावं. बॅग, जाकीट, तंबू, काहीही त्यांच्या दुकानात आणा, आत्या चेन सुरळीत करून देतात आणि वर "हिसडे कसले देता? चेन आहे का बैलाचं दावं?" हेही फुकटात ऐकवतात. पण या खेपेचा राग रोजचा नव्हता.

आत्या ज्यू घरातल्या. त्यांचे काका याच दुकानात बॅगा शिवता शिवता त्यांना गोष्टी सांगायचे: देवावर फिर्याद लावणारा शिंपी, भिकाऱ्याच्या वेषात दार ठोठावणारा प्रेषित, आणि ज्या गावात एकजात मूर्ख राहतात पण स्वतःला महापंडित समजतात, ते गाव. काकांची एक रीत होती. गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचं नाही. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचा. त्यालाही उत्तर द्यायचं नाही, उलट प्रश्नाने तो परतवायचा. ज्याचा प्रश्न कुणालाच परतवता आला नाही, त्याने उंच स्टुलावर बसायचं. लहानपणी आपण त्या स्टुलावरून उतरतच नव्हतो, असं आत्या सांगतात. साक्षीदार कुणी उरला नाही, त्यामुळे मानून घ्यावं लागतं.

दर रविवारी वाचनालयातल्या मुलांच्या खोलीत आत्या त्याच गोष्टी त्याच रीतीने सांगायच्या. स्टूलही तेच, दुकानातून उचलून नेलेलं. मग आले नवे व्यवस्थापक. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभ्या करणारा माणूस. त्यांनी भिंतीवर पांढरा फळा लावला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आजचे तात्पर्य'.

"गोष्ट झाली की इथे एक ओळ लिहायची, बाई. मूल काय शिकलं, असं पालक विचारतात."

"भांडायला शिकलं म्हणून सांगा."

"तेच तर! पोरं घरी जाऊन उठसूट 'का' विचारतात. आणि ते देवावर फिर्याद वगैरे... तुमच्यात चालत असेल. नाहीतर असं करा, दुकानातच सांगत जा की. तिथे कसं, तुमचं तुमचं."

'तुमच्यात' आणि 'तुमचं तुमचं'! आत्या दुकानात आल्या त्या धुमसतच. पर्सची चेन बसवायला आलेली शेजारीण सगळं ऐकून भोळेपणाने म्हणाली, "सांग की दुकानात. तेवढीच तुझी पायपीट वाचेल."

"का? बाकीच्यांच्या गोष्टी पुढच्या दाराने आणि माझ्या मागच्या दाराने? माझ्या काकाची गोष्ट म्हणजे चोरीचा माल आहे का? त्या खोलीत राक्षस चालतो, बोलणारा कोल्हा चालतो, आमचा शिंपी तेवढा खुपतो?"

शेजारीण उघडीच पर्स घेऊन सटकली.

पुढच्या रविवारी आत्या स्टूल घेऊन खोलीत हजर. व्यवस्थापकही हजर, फळ्याशेजारी, हातात पेन. आत्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सुरुवात केली.

"महापंडितांच्या गावात एक विहीर होती. कुणी तिच्यात वाकून ओरडलं, 'कोण रे मूर्ख?' की आतून यायचं, 'मूर्ख!' गावाचा अपमान झाला. बैठक बसली. ठरलं, विहिरीला वळण लावायचं. मग गावातला सगळ्यात नम्र माणूस दोराने आत सोडला. आता कुणी काहीही ओरडो, तो खालून म्हणायचा, 'आपण फार हुशार आहात.' गाव खूश! झाली गोष्ट. विचारा."

फळ्यावर पेन करकरलं: नेहमी नम्रपणे बोलावे.

"त्याला वर कुणी काढलं?" बेकरीवालीच्या बोबड्या मुलीने विचारलं. पुढचे दोन दात पडलेले, पण हिंमत शाबूत.

"तो वर आला असता तर खालून गोड कोण बोललं असतं?" आत्यांनी परतवलं.

"पण तो फक्त छान छानच बोलणार, तर जेवण कसं मागणार?"

आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी फळ्याकडे वळली. "काका, 'भूक लागली' असं तो जोरात ओरडला, तर तुम्ही त्याला उद्धट म्हणणार?"

व्यवस्थापकांचं पेन हवेतच राहिलं. "अगं... हे मला काय विचारतेस?"

"परतवला! काकांनी प्रश्न परतवला!" पोरांनी एकच गिल्ला केला.

"नाही चालणार," मुलगी म्हणाली. "हा प्रश्न नाही, ही पळवाट आहे."

"स्टूल तिचं," आत्यांनी निकाल दिला. मग व्यवस्थापकांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, गोड बोलायला मला त्या दुकानात उतरवू नका. मी त्या विहिरीत जायची नाही. पुढच्या रविवारी शिंपी याच खोलीत येणार, देवावरची फिर्याद घेऊन. आणि तात्पर्य लिहायचंच असेल, तर आधी त्या माणसाला वर काढा."

"बघू," व्यवस्थापक पुटपुटले.

"बघू कसलं?"

स्टुलावर चढलेल्या मुलीचा हात आता फळ्यापर्यंत पोचत होता. तिने बाहीने ती ओळ पुसली; व्यवस्थापकांनी बघितलं आणि तिला अडवलं नाही.

आत्या तेवढ्याने विरघळल्या असं समजू नका. 'तुमच्यात' हा शब्द व्यवस्थापकांनी अजून परत घेतलेला नाही, असं त्या वाटेत भेटेल त्याला सांगत घरी आल्या. हात मात्र मोकळे होते. स्टूल खोलीतच ठेवलं होतं, ऐन पुढच्या दारासमोर.