गाडीतून उतरलेला माणूस

पस्तीस वर्षांच्या नोकरीतले पुष्कळ काही आता विसरलो आहे. एक रविवार सकाळ मात्र विसरता येत नाही. खरे सांगायचे तर ती विसरू नये असेच वाटते.

माझे वडील सोलापूरचे, आई इथली, जर्मन. बारा वर्षांचा होईपर्यंत सोलापुरात वाढलो, मग जर्मनीत आलो आणि पुढे इथल्याच पोलिसांत भरती झालो. ही घटना दोन हजार सालानंतरची, ब्योब्लिंगेनच्या आसपासची. माणसांची नावे सांगणार नाही. त्यातली बहुतेक अजून हयात आहेत.

सकाळी साडेनऊच्या सुमारास कंट्रोल रूमचा निरोप वायरलेसवर आला. एका बाईने फोन केला होता. समोरच्या इमारतीतला सावळा, परदेशी दिसणारा माणूस बंदुकीची लांब पेटी डिकीत ठेवून निघाला आहे, सोबत एक म्हातारा आहे. पेटी बंदुकीचीच हे बाईंना कसे कळले? त्यांचे यजमान शिकारी होते. अशा खबरी बऱ्याचदा फुसक्या निघतात. पण फुसकी कोणती हे गाडी थांबवल्याशिवाय कळत नाही, आणि गाडी थांबवायला आम्हालाच जावे लागते.

गस्तीच्या गाडीत आम्ही दोघे होतो. मी, आणि नोकरीला दोन वर्षेही न झालेली एक तरुण सहकारी. मुलगी हुशार, नियमाला पक्की. गावाबाहेरच्या रस्त्यावर ती गाडी आम्हाला दिसली. आम्ही मागून दिवे लावले, ती निमूटपणे कडेला थांबली. सहकारी उतरून चालकाच्या बाजूने पुढे निघाली. मी मागे उभा राहून नजर ठेवत होतो. आमच्याकडे पद्धत अशी की चालकाने गाडीतच बसायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि पोलीस खिडकीशी येईपर्यंत हलायचे नाही. बंदुकीची खबर असताना मी लाउडस्पीकरवरून 'गाडीतच बसा' असे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. आळस म्हणा, रविवार म्हणा.

दार उघडले आणि चालक चक्क खाली उतरला. चाळिशीचा माणूस, अंगात जाकीट. तो हसतमुखाने, किंचित वाकून, तिच्या दिशेने चालत आला. उजवा हात जाकिटाच्या आतल्या खिशात.

तिने पिस्तूल काढले आणि 'थांबा, हात दाखवा' असे जर्मनमध्ये ओरडली. माणूस थांबला, पण गडबडला. हात दाखवा म्हटल्यावर तो हात बाहेर काढू लागला. त्या हातात काय आहे हे तिला दिसत नव्हते, मलाही नाही. त्याच वेळी गाडीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, खणखणीत मराठीत.

"अरे, कार्ड दाखव साहेबांना! कार्ड काढ!"

मी आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडलो नसेन. "हात आहे तिथंच ठेवा! काढू नका! अजिबात हलू नका!"

परक्या मुलखात, युनिफॉर्ममधल्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकून तो जागच्या जागी गोठला. मी पुढे गेलो आणि त्याचे मनगट धरून हात सावकाश बाहेर काढला. हातात शस्त्रपरवान्याचे कार्ड होते. त्या मुलीचे बोट चापावर होते. हे तिनेच मला नंतर सांगितले, मी विचारले नव्हते.

डिकीतला सगळा मामला कायदेशीर निघाला. रायफल रिकामी, पेटीला कुलूप, काडतुसे वेगळ्या डब्यात. गृहस्थ पुण्याचे इंजिनिअर, जर्मनीत नऊ वर्षे झालेली, गावातल्या नेमबाजांच्या फेराइनचे म्हणजे क्लबचे सभासद. त्या दिवशी स्पर्धा होती आणि गावाकडून आलेल्या वडिलांना ते आपली नेमबाजी दाखवायला नेत होते.

प्रकरण तिथेच मिटायचे, पण पिस्तूल रोखले गेले की कागद होतातच. ठाण्यावर आमच्या प्रमुखांनी जबाब घ्यायला सुरुवात केली, मी शेजारी बसलो. प्रश्न साधा होता. गाडीतून का उतरलात?

"मला माहीत नव्हतं, बसून राहायचं असतं ते," इंजिनिअर जर्मनमध्ये म्हणाले.

प्रमुखांनी क्लबला फोन लावला. पोलिसांनी अडवले तर कसे वागायचे याची शिकवणी क्लबने वसंतातच दिली होती, आणि हजेरीच्या कागदावर यांची ठळक सही होती. प्रमुखांनी पेन खाली ठेवले. इथल्या कायद्यात शस्त्र बाळगणारा माणूस भरवशाचा असावा लागतो. पोलिसांपुढे खोटे बोलणारा भरवशाचा कसा? परवाना तर जाणारच होता. शिवाय गृहस्थांचा नागरिकत्वाचा अर्ज दाखल होता, आणि अशी नोंद त्या अर्जापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

मी मराठीत विचारले, "अहो, सही तुमचीच ना?"

"गेनाऊ, बरोबर, माझीच आहे. विसरलो असेन. टेन्शन आलं हो."

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलणारा डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. दुसऱ्याला वाचवणारा दाराकडे बघत राहतो. हे गृहस्थ दाराकडे बघत होते.

दाराबाहेर बाकावर त्यांचे वडील बसले होते. मी कॉफीचा कप घेऊन गेलो, तसे ते ताडकन उभे राहिले. मी बसा म्हटले तरी बसेनात.

"साहेब, मी पण खात्यातलाच. सातारा जिल्ह्यात हवालदार म्हणून रिटायर झालो. बत्तीस वर्षं नाक्यावर काढली."

"मग बसा की काका. आपण एकाच खात्यातले."

"गुन्हा माझ्या नावावर लिवा," ते म्हणाले. "पोरगा बसूनच होता. मला म्हणाला, अण्णा, इथं उतरायचं नसतं. मीच खेकसलो त्याच्यावर. साहेब पायी चालत येतायत आणि तू गाडीत बसून कागद देणार? आमच्या नाक्यावर जो उतरत नव्हता त्याला आम्ही खाली ओढायचो, साहेब. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणालो मी त्याला. तो उतरला माझ्या शब्दासाठी."

 कॉफीचा कप तसाच माझ्या हातात राहिला.

मी आत जाऊन मुलाला एवढेच म्हणालो, "वडिलांनी सांगितलं मला सगळं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "ते बुधवारी परत जाणार. पोरावर पिस्तूल रोखलं गेलं ते आपल्या बोलण्यानं, हे मनात घेऊन जायला नको होतं त्यांनी. वय झालंय त्यांचं."

जबाब पुन्हा लिहिला, या वेळी जसे घडले तसा. प्रमुखांनी तो दोनदा वाचला. मऊ पडणाऱ्यातले ते नव्हते, पण म्हणाले, "आल्झो, ठीक तर, हे मला पटतं." परवाना राहिला, लेखी ताकीद मिळाली. मी लाउडस्पीकर वापरला नाही हेही अहवालात आले. मीच लिहिले.

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण लहानपणी मीही सोलापुरात ऐकली होती, आणि खरी मानली होती. त्या दिवसापासून मी ती कधी वापरली नाही. निर्दोष माणूस निर्धास्त असतो आणि निर्धास्त माणूस भराभर हालचाल करतो. समोरच्याला त्याचे मन दिसत नाही, हात दिसतात. कायदेशीर शस्त्र जवळ असेल त्याने आधी हात दिसू द्यावेत, मग शस्त्र कुठे आहे ते तोंडाने सांगावे, आणि सांगितल्याशिवाय हलू नये. हे मी पुढे कित्येक क्लबांत जाऊन सांगितले. आणि पोलिसाने काय शिकावे? एका देशात जी अदब असते ती दुसऱ्या देशात हल्ल्यासारखी दिसू शकते, एवढे तरी मनात ठेवावे.

निघताना वडिलांनी त्या मुलीला भेटायचे म्हटले. ती ठाण्याच्या मागच्या खोलीत एकटी बसली होती, चेहरा पांढराफटक. हवालदार तिच्यासमोर ताठ उभे राहिले आणि मला म्हणाले, "हिला सांगा, पोरी, तू बरोबर केलंस. मी असतो तरी हेच केलं असतं."

मी जर्मनमध्ये सांगितले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, ती उठून उभी राहिली.

"आणि हेही सांगा," ते त्याच आवाजात म्हणाले, "की मी मरेपर्यंत तिला माफ करणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. काका आणखी काय म्हणाले, असे तिने विचारले.

"म्हणाले, स्वतःला जप," मी म्हणालो. जबाबात खोटे चालत नाही हे दिवसभर दुसऱ्याला शिकवून संध्याकाळच्या आत मी स्वतः खोटे बोललो होतो, आणि ते अजून दुरुस्त केलेले नाही.